झेला, नाहीतर जाहीर करा

"संगणक हा शेवटी एक कारकून आहे, आणि कारकुनाकडून काम कसं करून घ्यायचं हे मला कुणी शिकवायची गरज नाही."

हे वाक्य दफ्तरदारांनी इमारतीच्या समितीपुढे उभं राहून उच्चारलं, तेव्हा समितीच्या पाचही सदस्यांनी माना वर केल्या. गच्चीच्या गळतीचा विषय सोडला तर त्या खोलीत इतकं ठाम कुणी कशाबद्दल बोललं नव्हतं. पुढे जे झालं ते असं, की त्या कारकुनाने दफ्तरदारांचा मजकूर पहिल्या दोन दिवसांत एकेचाळीस वेळा नामंजूर करून परत पाठवला. त्यातल्या अठरा वेळा कारण एकच होतं: ओळीच्या शेवटी अर्धविराम नाही.

दफ्तरदार हे त्यांचं आडनाव नव्हे. एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख विभागात त्यांनी चौतीस वर्षं जुने कागद सांभाळले, म्हणून इमारतीने त्यांना हे नाव दिलं. निवृत्त झाल्यावर ते तळमजल्यावरच्या वाचनालयाचे मानद व्यवस्थापक झाले. मानद म्हणजे पगार नाही आणि किल्ली आहे. जिन्यामागची ती खोली, आत नऊ कपाटं, एक लांब टेबल आणि साधारण अकराशे पुस्तकं. दफ्तरदारांचा या खोलीवर फार जीव. घरात त्यांना स्वतःची अशी एक खुर्ची होती, खोलीत सहा होत्या.

त्या खोलीवर आता टेबल टेनिसने डोळा ठेवला होता. समितीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांचं म्हणणं असं, की तिथे कुणी जात नाही, पुस्तकं कुणाकडे आहेत ते कुणाला माहीत नाही, तर मग खोलीत एक चांगलं टेबल टाकावं, लोकांच्या हातापायांना काही काम तरी मिळेल.

"कुणाकडे काय आहे ते सगळं माझ्या नोंदवह्यांत आहे," दफ्तरदार म्हणाले.

"किती वह्या आहेत?"

"सात."

"मग सांगा, आज किती पुस्तकं बाहेर आहेत, आणि किती घरांत?"

दफ्तरदारांनी नोंदी तारखेनुसार केल्या होत्या. आज कुणाकडे काय आहे हे सांगायला सातही वह्या पहिल्या पानापासून वाचाव्या लागल्या असत्या. हे त्यांनी सांगितलं नाही.

"तीन आठवड्यांनी रविवारी वार्षिक सभा आहे," दंतवैद्य शांतपणे म्हणाले. रुग्णाला 'थोडं दुखेल' असं सांगतात त्याच आवाजात. "तिथे आकडा दाखवा. लोक वाचत असतील तर खोली तुमची. नसतील तर टेबल."

"संगणकावर दाखवतो," दफ्तरदार म्हणाले, आणि मग ते वाक्य बोलून बसले.

घरी सून होती. ती एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम आतल्या खोलीत बसून करायची आणि दिवसाचे नऊ तास कानांवर हेडफोन घालून कुणाकुणाशी बोलायची. तिच्याशी बोलायचं तर दोन बैठकांच्या मधली चार मिनिटं पकडावी लागत.

"बाबा, हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होईल," ती म्हणाली.

"अर्ध्या तासात झालेल्या कामाला समिती किंमत देत नाही. मला प्रोग्राम लिहायचा आहे. तुझं ते कॉलेजचं जावाचं पुस्तक माळ्यावर आहे ना?"

"ते खूप जुनं आहे."

"मग तर बरंच. जुन्या कागदाशी माझं जमतं."

पहिले दहा दिवस यादी टंकण्यात गेले. पत्नी वह्या वाचून दाखवायची, दफ्तरदार एका बोटाने टंकायचे. "चौथा मजला, विमेवाले, दीर्घायुष्याचं पुस्तक, नेलं," पत्नी वाचायची. "परत आणलं. पुन्हा तेच नेलं. अहो, हा माणूस दुसऱ्यांना मरणाची भीती घालतो आणि स्वतः हे वाचतो." दफ्तरदार म्हणाले, वाचकाची गोपनीयता नावाची एक गोष्ट असते. पत्नी म्हणाली, मग मला वाचायला कशाला लावता. असं करत तीन हजारांवर ओळींची यादी तयार झाली, आणि पुस्तक शेजारी उघडं ठेवून दफ्तरदार प्रोग्रामला बसले.

अर्धविरामांचा प्रश्न तिसऱ्या दिवशी मिटला. चौथ्या दिवशी त्यांनी यादीची फाइल उघडणारी मेथड लिहिली. मेथड म्हणजे प्रोग्राममधला एक टेबलखुर्चीवाला, एका कामापुरता नेमलेला, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. सगळे अर्धविराम जागच्या जागी होते. तरी कारकून परत उलटला. या वेळी त्याचा शेरा वेगळा होता. त्याचा अर्थ साधारण असा: इथे जी अडचण येऊ शकते तिची नोंद केलेली नाही. ती झेला, नाहीतर ती फेकली जाईल असं जाहीर करा.

दफ्तरदारांनी शेरा तीनदा वाचला. मग फाइल जागेवर आहे का ते पाहिलं. होती. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. सुनेने बोटाने 'दोन मिनिटं' अशी खूण केली. ती अकरा मिनिटं झाली.

"अगं, फाइल आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे. तरी हा म्हणतो अडचण येऊ शकते."

"येऊ शकतेच ना बाबा. उद्या फाइल कुणी उडवली तर? तो आत्ता फाइल बघतच नाहीये. तो फक्त तुमचा मजकूर तपासतोय."

"म्हणजे छाननी विभाग."

"बरं, छाननी विभाग. मेथडची पहिली ओळ असते ना, डिक्लरेशन, ती म्हणजे खिडकीवरची पाटी. नाव काय, आत काय घेणार, बाहेर काय देणार. आणि शेवटी, काय फेकू शकते."

"फेकते म्हणजे?"

"थ्रो. अडचण आली की ती वर फेकते. तिला जिने बोलावलं तिच्याकडे. फाइल उघडणाऱ्या माणसाने पाटीवरच लिहायचं, की बाबांनो, फाइल कदाचित मिळणार नाही. म्हणजे त्याच्याकडे येणारा तयारीने येईल."

दफ्तरदार दारातच उभे राहिले. चौतीस वर्षं त्यांनी खिडक्यांवरच्या पाट्या वाचल्या होत्या. 'अर्ज येथे स्वीकारले जातील.' 'जेवणाची सुट्टी दीड ते अडीच.' पण 'कागद कदाचित सापडणार नाही' असं लिहिलेली पाटी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि कागद तर रोज सापडत नसत. निम्मी भांडणं त्या एका ओळीच्या अभावी झाली होती. त्यांच्या अंगावर बारीकसा काटा आला. वाचताना असा काटा त्यांना यापूर्वी फक्त सेवानियमांच्या परिशिष्टात आला होता.

"आणि झेलणं म्हणजे?" त्यांनी विचारलं, पण हेडफोन परत कानांवर गेले होते.

मग त्यांनी जाहीर करायचं ठरवलं. फाइल उघडणाऱ्या मेथडच्या पाटीवर 'थ्रोज' असं लिहून अडचणीचं नाव घातलं. छाननी विभागाने ती जागा सोडली आणि एक पायरी वर जाऊन तोच शेरा मारला. फाइल उघडणारीला बोलावणारी जी मोजणी करणारी मेथड होती, तिने आता काय ते ठरवावं. दफ्तरदारांनी तिच्याही पाटीवर तेच लिहिलं. शेरा आणखी वर गेला, छापणाऱ्या मेथडकडे. तिच्याही पाटीवर लिहिलं. शेरा सगळ्यांत वर, मेन नावाच्या मेथडपाशी जाऊन थांबला. मेन म्हणजे साहेब. साहेबांच्या पाटीवरही दफ्तरदारांनी तेच लिहिलं आणि बटण दाबलं. मजकूर मंजूर.

ते खुर्चीत मागे रेलले. हे काम त्यांच्या रक्तातलं होतं. येणारा प्रत्येक अवघड कागद 'योग्य त्या निर्णयासाठी वरिष्ठांकडे सादर' असा शेरा मारून वर पाठवायचा, हेच तर त्यांनी चौतीस वर्षं केलं होतं. त्यांच्या हाताखाली एकाही अडचणीचा निर्णय झाला नव्हता आणि एकही अडचण त्यांच्या टेबलावर रात्रभर राहिली नव्हती. इतक्या वर्षांनी एक यंत्र भेटलं, जे त्या कौशल्याची कदर करत होतं.

प्रोग्राम चालला. आकडे आले: एकशे त्रेचाळीस पुस्तकं बाहेर, सदतीस घरांत. इमारतीत घरं बेचाळीस. दफ्तरदारांनी पत्नीला बोलावून आकडा दाखवला. पत्नी म्हणाली, पाच घरं राहिली.

संध्याकाळी सुनेने येऊन प्रोग्राम पाहिला. वरपासून खालपर्यंत सगळ्या पाट्यांवर एकच मजकूर बघून तिने हेडफोन गळ्यात ओढले. मग तिने यादीच्या फाइलचं नाव बदललं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. पडद्यावर लाल ओळींची एक लांब माळ खाली आली आणि सगळं बंद पडलं.

"हे काय?"

"फाइल मिळाली नाही. अडचण वर गेली, आणखी वर गेली, मेनकडे आली. मेनने पण वर फेकली."

"मग मेनच्या वर कोण?"

"कुणीच नाही, बाबा. मेनच्या वर कुणी नसतं. तिथून फेकली की प्रोग्राम मरतो."

नोकरीत असताना आपल्या साहेबांच्या वर कोण आहे हा विचार दफ्तरदारांनी कधी केला नव्हता, आणि आता करावा असंही वाटेना. पण लाल ओळींनी मात्र त्यांना खिळवून ठेवलं. अडचण कुठे उपजली, कोणत्या ओळीत, तिथून कुणाकडे गेली, मग कुणाकडे, सगळं क्रमाने लिहिलेलं होतं. कुणी काय शेरा मारला तेवढंच फक्त नव्हतं.

"हे आमच्याकडे असतं तर," ते हळूच म्हणाले, "पेन्शनपर्यंत निम्मी माणसं पोचली नसती."

"कुठेतरी कुणीतरी झेलायला पाहिजे, बाबा. ट्राय लिहायचं, म्हणजे प्रयत्न करून बघतो. मग कॅच. नाही जमलं तर काय करणार, ते त्यात लिहायचं. नीट लिहा हं, काय झालं ते लोकांना कळायला पाहिजे." फोन वाजला आणि ती गेली.

खरं म्हणजे त्याच वेळी कॅच लिहून मोकळं व्हायचं. पण दफ्तरदारांना आता प्रश्न पडायला लागले होते, आणि प्रश्न पडलेल्या निवृत्त माणसाला थांबवणं घरच्यांच्या हातात नसतं. दुसऱ्या दिवशी त्यांना पुस्तकात आढळलं की शून्याने भागलं तर जी अडचण येते तिच्यासाठी छाननी विभाग पाटी मागत नाही. हा पक्षपात त्यांना सहन होईना. जेवताना त्यांनी सुनेला गाठलं.

"त्या दोन जाती वेगळ्या," ती म्हणाली. "फाइल नसणं, वायर तुटणं, हे बाहेरच्या जगामुळे होतं. तुम्ही कितीही हुशार असलात तरी होणार. म्हणून ते आधी कबूल करायचं. ती चेक्ड. शून्याने भागणं ही तुमची स्वतःची चूक. तिची पाटी लावायची नसते, ती दुरुस्त करायची असते."

"आणि घराला आग लागली तर?"

"तीही एक जात आहे. एरर म्हणतात. तिचं कुणी काही करू शकत नाही, म्हणून पाटीही नाही."

"म्हणजे भाजीत मीठ जास्त झालं ही माझी चूक," पत्नी म्हणाली, "आणि गॅस संपला हे जग."

"बरोबर," दफ्तरदार म्हणाले.

"आज गॅस संपला नव्हता. मीठ तुम्ही घातलंत."

दफ्तरदारांनी त्या आठवड्यात घर आणि इमारत या दृष्टीने तपासून पाहिली. नळ दुरुस्त करायला प्लंबर आला, तर त्याला आत घेण्यापूर्वी दारात कागद दिला. "काम करताना काय काय होऊ शकतं ते आधी लिहा. मी रागावणार नाही."

प्लंबरने कागद उलटसुलट करून पाहिला. "काय लिहू? पाईप सडका निघू शकतो. मापाचा तुकडा दुकानात नसू शकतो."

"लिहा."

"एखादे वेळी मीच दुसऱ्या दिवशी येऊ शकत नाही."

"तेही लिहा."

त्याने लिहिलं, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी आला नाही. नळ गळत राहिला, पण दफ्तरदारांनी तो कागद पत्नीला अभिमानाने दाखवला. "बघ. जाहीर केलं होतं." पत्नीने कागद घेतला, चार घड्या केल्या आणि नळाच्या तोंडात खुपसला.

मुलाचंही तसंच झालं. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, सकाळी सातला जायचा आणि रात्री आठला यायचा. दफ्तरदारांनी बालविभागाच्या पुस्तकांसाठी मूळ नोंदवहीपासून एक पोटनोंदवही बनवली होती. तिच्यातल्या वाचणाऱ्या मेथडच्या पाटीवर त्यांनी मूळ पाटीवर नसलेली एक नवी अडचण लिहिली, पान फाटलेलं असू शकतं म्हणून. छाननी विभागाने ती साफ नाकारली. कारण पुस्तकात होतं: वडिलांची जागा मुलाने चालवायची, तर वडिलांनी जाहीर केलेल्या अडचणींपेक्षा वेगळी नवी मुलाला जाहीर करता येत नाही. कमी केल्या तर चालतात.

"ऐकलंस?" रात्रीच्या जेवणाला त्यांनी मुलाला विचारलं. "मी चौतीस वर्षांत तुझ्या आईला दोनच कारणं सांगितली. काम होतं आणि बस चुकली. तू त्यांच्या बाहेर जाऊ नकोस."

"काल मी काय सांगितलं?" मुलाने बायकोला विचारलं.

"विसरलो," सून म्हणाली.

"ते चालणार नाही," दफ्तरदार म्हणाले. मुलगा म्हणाला, बरं, बस चुकली.

सभेला चार दिवस उरले आणि चौथ्या मजल्यावरचे विमेवाले सहज डोकावले. विमेवाले कुठेही सहजच डोकावत. त्यांना प्रत्येक विषयातलं थोडं कळायचं, आणि त्या थोड्यावर ते बरंच काही उभारत. दफ्तरदार तेव्हा कॅचमध्ये काय लिहावं या विचारात होते. पहिला मसुदा सात ओळींचा झाला होता, 'कळविण्यास खेद होतो की' ने सुरू होणारा.

"हे काय लिहीत बसलात?" विमेवाले म्हणाले. "माझा भाचा याच लाइनीत आहे. ते लोक इथे काही लिहीत नाहीत. कंस उघडायचा, कंस मिटायचा. मध्ये मोकळं."

"मग अडचण जाते कुठे?"

"जाते कुठे म्हणजे? तुम्ही झेललीत की. झेलून खिशात टाकली. दफ्तरदार, बावीस वर्षं मी हेच करतोय. गिऱ्हाइकाचा फोन आला की शांतपणे ऐकायचं आणि फोन ठेवून द्यायचा. दहातले आठ परत करत नाहीत. तुम्हाला सभेत सगळ्यांसमोर लाल ओळी दाखवायच्या आहेत का?"

दाखवायच्या नव्हत्या. आणि कोऱ्या जागेचा दफ्तरदारांना तसा तिटकाराही नव्हता. 'वाचले' एवढाच शेरा मारून त्यांनी किती कागद शांत केले होते. त्यांनी सातही ओळी खोडल्या, कंस मिटला आणि छाननी विभागाने हूं की चूं केलं नाही. छाननी विभागाला झेलल्याशी मतलब. झेलून पुढे काय केलंत, हे तो विचारत नाही. इथे खरं तर दफ्तरदारांना संशय यायला हवा होता. असा विभाग ते ओळखून होते.

आता प्रश्न पडद्याचा. सभेच्या दालनात मोठा पडदा होता, पण तो समितीच्याच संगणकाला जोडायचा असा ठराव होता. 'बाहेरील कोणताही संगणक दालनातील पडद्यास जोडू नये' हा ठराव नऊ वर्षांपूर्वी दफ्तरदारांनीच लिहून दिला होता, आणि त्यात पळवाट राहू नये म्हणून दोनदा तपासलाही होता. समितीच्या संगणकात जावा नव्हतं. ते घालायला कार्यालयातल्या बाईंनी अर्ज मागितला, दोन प्रतींत, अध्यक्षांच्या सहीने.

अध्यक्ष दवाखान्यात होते. दवाखान्यातल्या मुलीने दफ्तरदारांना क्रमांक दिला आणि बसायला सांगितलं. "मला फक्त सही हवी आहे," ते म्हणाले. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. त्यांचा क्रमांक आला, खुर्ची मागे गेली, दिवा तोंडावर आला आणि दंतवैद्यांनी विचारलं, "कुठली बाजू?" दफ्तरदारांनी सांगायला तोंड उघडलं. ते उघडल्यावर पुढची दहा मिनिटं मिटता आलं नाही. शेवटी अर्जावर सही मिळाली, आणि डावीकडची दाढ भरावी लागेल असंही कळलं.

"प्रोग्राम चालतो ना?" दंतवैद्यांनी हात धुताना विचारलं.

दफ्तरदारांनी मान हलवली. तोंडात कापूस होता.

रविवारी सकाळी त्यांनी प्रोग्राम एका पेन ड्राइव्हवर घेतला. पत्नी म्हणाली, "यादी घेतलीत का?"

"मूळ अभिलेख विभागाबाहेर जात नाही," दफ्तरदार म्हणाले. हा नियम त्यांनी मंत्र्याच्या चिठ्ठीपुढेही मोडला नव्हता. "आणि प्रोग्रामने ती यादी आतापर्यंत साठ वेळा वाचली आहे. एकदा वाचलेला कागद पुन्हा वाचावा लागतो तो कच्च्या कारकुनाला."

दालनात साठेक माणसं होती. गच्चीची गळती, लिफ्टचा आवाज आणि मागच्या सभेचं इतिवृत्त झाल्यावर वाचनालयाचा विषय आला. दफ्तरदार उठले, पेन ड्राइव्ह लावला, लोकांकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर स्वच्छ, मोठ्या, काळ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या.

बाहेर असलेली पुस्तकं: ०. वाचक घरं: ०.

एकही लाल ओळ नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, "छान दिसतंय."

"म्हणजे एकही पुस्तक कुणाकडे नाही," दंतवैद्य म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हेच जास्त लागलं. "मी काही बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असतात डॉक्टरांच्या मनात टेबल आहे. पुरावा तुम्हीच आणलात. मग मतदान घेऊ या?"

दफ्तरदारांचे कान गरम झाले. काहीतरी बोलायला हवं होतं, मान ताठ ठेवून, संगणकाच्या दर्जाबद्दल किंवा विजेच्या दाबाबद्दल. पण त्यांचे डोळे त्या शून्यावर अडकले होते. शून्य कसं? चार पुस्तकं तर त्यांच्या स्वतःच्या उशाशी होती. लाज वाटण्याचं काम अर्धवट राहिलं आणि त्यांच्या मनात दुसरंच सुरू झालं. प्रयत्न केला असेल. जमलं नसेल. मग झेललं असेल. आणि झेलून?

"एक मिनिट थांबा, डॉक्टर," ते म्हणाले. "याला काहीतरी माहीत आहे आणि हा सांगत नाहीये."

साठ माणसांसमोर त्यांनी प्रोग्राम उघडला. तो मिटलेला कंस आता पडद्यावर हातभर मोठा दिसत होता, मध्ये कोरा. विमेवाले दुसऱ्या रांगेत बसले होते. ते छताचा पंखा पाहू लागले. दफ्तरदारांनी एका बोटाने कंसात एक ओळ टंकली, जे झालं ते छाप अशी. 'कळविण्यास खेद' वगळला. टंकायला चार मिनिटं लागली, त्यात एक अर्धविराम राहिला, तो पहिल्या रांगेतल्या कुणीतरी दाखवला. पुन्हा बटण दाबलं.

यादीची फाइल सापडली नाही.

दालनात हशा पिकला. दफ्तरदार हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा उजळला. "बघा," ते लोकांना म्हणाले, "शून्य नव्हतं. माहीत नव्हतं. माहीत नाही आणि शून्य, या दोन गोष्टी मी चौतीस वर्षं एकाच रकान्यात भरत आलो."

"यादी घरी टेबलावर आहे," पत्नी बसल्या जागेवरून म्हणाली. "मी घ्या म्हटलं होतं."

त्यांनी सुनेला फोन लावला. ती आतल्या खोलीत बैठकीत होती, रविवार असूनही. "मूळ प्रत नको पाठवूस," दफ्तरदार म्हणाले. "नक्कल पाठव. नक्कल म्हणून वर लिही."

"बाबा, दोन्ही सारख्याच असतात."

"तरी लिही."

दीड मिनिटात यादी आली. फाइलच्या नावापुढे तिने 'नक्कल' लिहिलं होतं, त्यामुळे प्रोग्रामने पुन्हा सांगितलं की फाइल सापडली नाही. तो शब्द पुसण्यात आणखी थोडा वेळ गेला. दंतवैद्य घड्याळ बघत होते, पण त्यांनीही खुर्ची जरा पुढे ओढली होती. मग बटण दाबलं, आणि या वेळी पडदा भरून वाहू लागला.

एकशे त्रेचाळीस पुस्तकं. सदतीस घरं. आणि खाली, मजल्याप्रमाणे, नावानिशी, कुणाकडे काय आणि कधीपासून. विमेवाले, दीर्घायुष्यावरची चार. दुसऱ्या मजल्यावरच्या गणिताच्या शिक्षिका, रहस्यकथा अकरा. अध्यक्ष, हात पाहून भविष्य सांगण्यावरची तीन. लोक मान वाकडी करून एकमेकांच्या ओळी वाचत होते आणि स्वतःच्या ओळीपाशी आल्यावर खोकत होते. वाचकाची गोपनीयता नावाची गोष्ट दफ्तरदारांना आठवली, पण आता ती जाहीर करायला उशीर झाला होता.

"हे दातांच्या कामात कुठे येतं, डॉक्टर?" शिक्षिकेने विचारलं.

"हात बघतो मी," दंतवैद्य म्हणाले. "लोक खुर्चीचे दांडे कसे धरतात ते. मतदान घ्या."

यादी पडद्यावर तशीच ठेवून मतदान झालं. ज्याचं नाव मागे हातभर अक्षरांत झळकतंय त्याला वाचनाविरुद्ध हात वर करणं अवघड जातं. टेबल टेनिसच्या बाजूने पाच हात वर झाले. ती पाच घरं कोणती, हे पत्नीने न विचारता सांगितलं. दंतवैद्यांनी हात वर केला नाही. निकाल वहीत लिहून झाल्यावर ते दफ्तरदारांना म्हणाले, "खोली तुमची. दाढ मात्र भरून घ्या."

सभा उठली. चारपाच माणसं दफ्तरदारांभोवती उभी राहिली. त्यांना आता बोलायचंच होतं. मेनच्या वर कुणी नसतं, म्हणून मेनने तरी झेलावं, आणि झेललं तर गप्प राहू नये, हे त्यांना एकदा सगळ्यांना नीट सांगायचं होतं. ते घसा साफ करून म्हणाले, "आज आपण जे पाहिलं, त्याचा अर्थ फार खोल आहे."

"हो ना," तळमजल्यावरच्या सिस्टर म्हणाल्या. सिस्टर म्हणजे रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढलेल्या, आता एकट्या राहणाऱ्या बाई. "माझ्या नावावर एक आहे बघा. समुद्रप्रवासांचा इतिहास."

"आहे. सहा वर्षांपासून."

"आज पडद्यावर नाव वाचलं आणि वाटलं, बघावं तरी आत काय आहे ते. पण अडचण अशी, की ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका पायाखाली आहे. काढलं की टेबल डुगडुगतं." सिस्टरनी अंगठा आणि तर्जनी समोर धरून मधलं अंतर दाखवलं, आणि ते हलू नये म्हणून हात दुसऱ्या हाताने धरून ठेवला. "दफ्तरदार, खोली उघडताच आहात तर एवढ्या जाडीचं दुसरं काही द्याल का? विषय कुठलाही चालेल."